उलटा चढलेला घेवडा

मी, डॉ. मनीषा कोंडाजी पगारे, वय ७२, चित्रकलेची सेवानिवृत्त प्राध्यापक, राहणार सातपूर, नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवत आहे. कंपवाताने माझा हात थरथरतो, बुद्धी नाही. तसे वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. मजकूर माझा, टंकलेखन वकिलांच्या कार्यालयाचे. पहिल्या प्रतीत ऱ्हस्व-दीर्घाच्या एकवीस चुका होत्या. ती प्रत आणि यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. सातपूरचा स्वकष्टार्जित फ्लॅट माझा भाचा सुयश यास द्यावा. तो वर्षातून चार वेळा येतो आणि चहा संपत आला की विचारतो, "आत्या, त्या पंपहाऊसचं काय ठरवलंय मग?" त्या पंपगृहाच्या (कलम ३) शेजारच्या शीतगृहाला ती जागा हवी आहे, हे मला ठाऊक आहे. फ्लॅट मिळाल्यावर त्या जागेशी त्याचा काहीही संबंध राहणार नाही. माझ्या चित्रफळीच्या घोडीवर त्याने टॉवेल वाळत घालू नयेत. घातलेले मी पाहिले आहेत.

२. माझे ग्रंथ महाविद्यालयाला देऊ नयेत. पूर्वी दिलेल्यांपैकी दोन खंड तिथे दार अडवायला वापरलेले आढळले. सर्व ग्रंथ, रंग आणि कुंचले माझी विद्यार्थिनी राखी अहिरे हिला द्यावेत. तिची नजर अजून हवी तितकी कठोर नाही, पण हात स्थिर आहे.

३. पिंपळगाव बसवंतजवळ कादवेच्या काठी, बंद पडलेल्या उपसा सिंचन संस्थेचे पंपगृह मी लिलावात विकत घेतले. माझे वडील तिथे बावीस वर्षे मोटारी चालवत. संस्थेच्या नोंदवहीत त्यांचे नाव सर्वत्र 'कोंडा' एवढेच आहे. मोटारी भंगारात गेल्यावर त्या चार भिंतींवर मी बांधावरच्या वनस्पती रंगवल्या: आघाडा, रुई, घाणेरी, कुर्डू आणि पूर्वेच्या भिंतीवर छतापर्यंत चढलेला घेवडा. जिल्ह्यात असे दुसरे दालन नाही. हे मी अभिमानाने लिहीत आहे आणि त्याच दालनासंबंधी पुढचे कलम लिहिणे मला भाग आहे.

४. पंपगृहाची चावी आणि झाडलोट सहा वर्षे कुसाबाई धोंडीराम गांगुर्डे यांच्याकडे होती. त्या द्राक्षबागांत मजुरी करतात. डिसेंबर २०१८ मध्ये दालनाच्या उद्घाटनाला, पाहुण्यांच्या देखत, त्या घेवड्याच्या भिंतीपुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्यो घेवडा उलटा चढेल हे. आमच्या बांधावर कवा असा चढत नाय."

मी म्हणाले, "कुसाबाई, भिंतींकडे झाडण्यापुरतेच पाहत जा." पाहुणे हसले.

त्याच संध्याकाळी मी एकटी बांधावर गेले आणि सात वेल तपासले. सातही आधाराभोवती डावीकडून उजवीकडे चढलेले होते. माझा उजवीकडून डावीकडे चढला होता. चूक कुठे झाली तेही तिथेच समजले. चित्राचा खाका कागदावर टोचून, त्या भोकांतून काजळी भिंतीवर उतरवतात. भोके दोन्ही बाजूंनी सारखीच दिसतात. मी कागद पालथा लावला होता. राखी मदतीला असे, पण कागद लावला त्या दिवशी ती रजेवर होती. हे मुद्दाम नमूद करते, कारण दोष तिच्यावर ढकलण्याचा विचार माझ्या मनात येऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी कुसाबाईंकडून चावी काढून घेतली आणि त्यांना कामावरून कमी केले. पुढे प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्या वेलाविषयी 'निसर्गक्रमाचा जाणीवपूर्वक केलेला विपर्यास' असे मी स्वतः लिहिले. त्या वाक्यावर समीक्षकांनी लेख लिहिले, एका कलासंस्थेने पदक दिले आणि मी ते घेतले. ते पदक परत पाठवावे. कारण विचारल्यास हे कलम वाचून दाखवावे.

५. मागच्या महिन्यात मी कुसाबाईंना भेटायला गेले. त्या बागेत वेलीच्या फुटी तारेला बांधत होत्या. सात वर्षे जे बोलले नव्हते, ते सगळे मी सांगितले. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "तुम्हाला कळलं व्हतं, हे मला तवाच कळलं. चावी मागताना तुम्ही खाली पाहत व्हत्या."

पंपगृह मी या मृत्युपत्राने त्यांच्या नावे करायला निघाले होते. तसे सांगितल्यावर त्यांनी विचारले, "त्यात काय कांदे भरू मी?" मग मी म्हणाले की हात चालत नसला तरी राखीकडून वेल पुसून योग्य दिशेने रंगवून घेईन. तेव्हा मात्र त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली.

"पुसू नका. पुसला म्हंजी मीच खोटी ना. राहू द्या उलटाच, अन् खाली लिहा. अन् मला साक्षीला घ्या."

मृत्युपत्रात ज्याला काही मिळते, त्याची सही वकील साक्षीदार म्हणून घेत नाहीत; त्याच्या हक्कावर पुढे वाद होतो. पंपगृह किंवा सही, दोहोंपैकी एकच शक्य आहे, हे मी त्यांना दोनदा समजावले. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा त्या म्हणाल्या, "लय शिकवू नका मॅडम. साक्षच."

६. म्हणून पंपगृह आणि त्याखालील चार गुंठे जमीन राखी अहिरे हिला देत आहे. ती जागा तिने विकू नये, भिंतींना चुना लावू नये आणि घेवडा आहे तसाच ठेवावा. त्याखाली, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, पुढील मजकुराची पाटी लावावी: 'हा वेल उलटा रंगवला आहे. चूक चित्रकाराची. ती कुसाबाई धोंडीराम गांगुर्डे यांनी दाखवली. चित्रकाराने सात वर्षे लपवली.' अक्षरे घेवड्याच्या पानाहून लहान नसावीत. चुकलेले काम भिंतीवर राहू द्यावे, हे मला आजही मान्य नाही. राखीने माझी ही नापसंती सबब म्हणून वापरू नये.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. बुद्धभूषण साळवे यांनी करावी.

वरील मजकूर साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचला गेला आणि त्यांच्या देखत मी सही केली.

ठिकाण: पिंपळगाव बसवंत
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

(सही) मनीषा कोंडाजी पगारे

साक्षीदार:
१. (सही) कुसाबाई धोंडीराम गांगुर्डे
२. (सही) ॲड. बुद्धभूषण साळवे

खाडाखोडीची नोंद: कलम ४ मध्ये 'कामावरून कमी केले' यापूर्वी 'नाइलाजाने' असा शब्द होता. वाचन चालू असताना साक्षीदार क्र. १ यांनी त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. शब्द मी माझ्या हाताने खोडला आहे. रेघ वाकडी आली आहे. ती माझीच आहे.

(सही) म. को. पगारे