पिवळा दिवा आणि गावचा गणपती

२० ऑगस्ट
पुन्हा तो पिवळा दिवा. चाकात हवा कमी झाली की डॅशबोर्डवर पेटतो. परवाच भरली होती. परळच्या पंक्चरवाल्याने चारही चाकं पाण्यात बुडवली, एक बुडबुडा नाही. हवा भरून शिवडीपर्यंत फिरवली, दिवा विझला. सकाळी परत हजर. डोक्याला ताप नुसता.

२३ ऑगस्ट
सर्व्हिस सेंटर. अर्धी रजा गेली. तिथल्या साहेबाने लॅपटॉप लावला. सेन्सर ओके, बॅटरी ओके. मग दिवा का लागतो? तर म्हणे, ऑब्झर्व्ह करा. हे ऐकायला रजा घालवली!

स्मिताने आज स्पष्टच सांगितलं, दिवा लागलेला असताना ती आमच्या छकुलीला घेऊन कशेडी घाटात यायची नाही. तिचं चूक नाही. पण गावचे काका आता लेकीकडे पुण्याला राहायला गेलेत, गावचं घर बंद. आम्ही इथून गाडीने मूर्ती घेऊन पोचलो नाही तर यंदा त्या घरात गणपती बसणार नाही. असं आजवर झालेलं नाही. रेल्वेची तिकिटं केव्हाच संपलीत.

२६ ऑगस्ट
पुन्हा पंक्चरवाला. गेज लावून हसला. "चारों में बराबर कम है साहब. कोई निकालता है."
लख्ख प्रकाश पडला. गाडी उभी असते चाळीच्या तोंडाशी, मंडळाच्या मांडवाचे बांबू पडतात तिथेच. मंडळाचीच पोरं!

२७ ऑगस्ट
बंड्याशी वाजलं. मंडळाचा सेक्रेटरी तो, शाळेपासूनचा मित्र. मी आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "गाडी हलव सांगायला मला तोंड आहे रे. हवा कशाला काढू?" पटलं नाही. तसाच निघून आलो.

२९ ऑगस्ट
दुपारी लवकर घरी. गाडीच्या मागच्या चाकाशी कोणीतरी उकिडवं बसलेलं. हातात खिळा, हवेचा फुस्स आवाज.
बाबा.
"तू रोज भरतस, मी रोज काढतंय. चाका कडक झाली तर दणके बसतत. मूर्ती शाडूची आसा."
संपात गिरणी सुटल्यावर बरीच वर्षं टॅक्सी चालवली त्यांनी, तेव्हाची ही अक्कल. मला सांगितलं का नाही, विचारलं. "सांगलं असतंय तर तू आयकलं असतंस?"
ऐकलं नसतं. भयंकर चिडलो. कमी हवेने घाटात टायर फुटेल, वगैरे सगळं बोललो. ते खिळा खिशात टाकून वर गेले. जेवले नाहीत.

३० ऑगस्ट
आईने भाकरी थापता थापता सांगितलं. "संपाच्या वर्साक येष्टीत मूर्तीचो हात मोडलो. ह्येंच्याच मांडयेर होती. मगे गिरणी सुटली ती सुटलीच. ह्येंका वाटता, आपल्या हातसून झाला."
इतकी वर्षं मला हे कोणी सांगितलं नाही. राग मात्र पुरता गेलेला नाही, खरं तेच लिहितो.
बंड्याकडे जायला हवं.

२ सप्टेंबर
बंड्याकडे गेलो. हसून हसून लोळला. आता अख्ख्या चाळीला कळणार. चारही चाकांत नीट हवा. दिवा विझलेला. बाबा गाडीकडे फिरकलेच नाहीत. लालबागच्या कारखान्यातून मूर्ती आणली, तेव्हाही खाली आले नाहीत.

४ सप्टेंबर, पनवेलच्या पुढे
पंपावर थांबलोय. दिवा लागला. उतरून पाहिलं, तीन चाकं ठीक. पुढचं डावं तेवढं जरा बसलंय. बाबांच्या बाजूचं. निघताना मी वर सामान आणायला गेलो होतो, तेवढ्यात.
स्मिता माझ्याकडे बघतेय. मी बाबांकडे. ते समोर. मूर्ती मांडीवर, मूर्तीच्या हातांभोवती आईचं जुनं लुगडं गुंडाळलेलं, त्यावर त्यांचे दोन्ही हात.
ओरडणार होतो. तेच म्हणाले, "भर तू. मी धरून बसतंय."
हवेच्या रांगेत पुढे दोन गाड्या आहेत. पुढचा रस्ता सगळा खड्ड्यांचा.