फाटकावर बंद केलेले इंजिन

मी, श्रीपाद वामन टिपणीस, वय सदुसष्ट, राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. सौ. सुमतीला याबद्दल शंका असल्यास तिने आत्ताच बोलून घ्यावे.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेवी सौ. सुमतीच्या. तिच्या पश्चात मुलगा आनंद व मुलगी चित्रा यांनी निम्मे निम्मे घ्यावे. भांडू नये, भिंती पातळ आहेत.

कलम २. माझी आकडेमोडीची स्लाइड रूल आनंदला. त्याने तिची चेष्टा केली होती हे मी विसरलेलो नाही.

कलम ३. थोरल्या बंधूंनी मस्कतहून आणलेली जपानी गाडी. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

१९९१ साली कसारा घाटात एका मारुतीने आम्हाला मागे टाकले. एवढ्यावरून मी गाडीला टर्बो बसवायचा घाट घातला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारी चक्की. ती बसवली ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या गुणाजीने. तो होड्यांची इंजिने दुरुस्त करी. काम चोख होते. गाडी देताना त्याने बजावले, "काका, गारी थांबली का लगेच बंद नका करू. दोन मिनटं चालू ठेवा. चक्की तापलेली असते, तिला तेल लागते, नि इंजिन बंद झाला का तेल थांबते."

मी इंजिनियर. शिवाय सोसायटीच्या फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: 'फाटक पडले की इंजिन बंद करा, पेट्रोल वाचवा.' मी रोज ठाकुर्लीच्या रेल्वे फाटकावर इंजिन बंद करत राहिलो. दीड महिन्यात चक्की जाम झाली. गुणाजीने सोसायटीच्या आवारात ती उघडली आणि सर्वांसमोर विचारले, "काका, फाटकावर बंद करता का?"

मी म्हणालो, "नाही."

मग पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर मी सगळ्यांना सांगितले की होडीवाल्याला गाडीतले काय कळते. आमच्याच सोसायटीतले दौलतराव गुप्ते त्याला गॅरेजसाठी शीळफाट्याची जागा देणार होते. माझ्या शब्दावर त्यांनी ती दुसऱ्याला दिली. गुणाजी परत होड्यांकडे गेला. मला याची लाज वाटते. साडेपाच वर्षे वाटते आहे, आणि तरी मी तोंड उघडले नाही.

म्हणून गाडी व माझी सर्व हत्यारे गुणाजीला द्यावीत, आणि माझ्या तेराव्यानंतर आनंदने हे कलम सोसायटीत मोठ्याने वाचावे.

पुरवणी. गाडी हवी का, हे विचारायला गुणाजीला घरी बोलावले व वरील कलम वाचून दाखवले. तो म्हणाला, "मना तवाच म्हाईत होता. तेलाचा कोलसा झालेला बघितला ना मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी नाय बोललात. तुमच्या दारात तुमाला खोटा कसा पारू?" चहा संपवून तो उठला. "गारी नको. हत्यारा पन नको. आनि तुमी गेल्यावर वाचून काय, काका? तवा लोक बोलतील, गेलेला मानूस, जाऊ दे."

हे मी हिशेबात धरलेच होते. मेल्यावर कोणी मला काही बोलणार नाही, म्हणूनच मी तेराव्याची वाट धरली होती.

सबब कलम ३ मधील वाटप रद्द. गाडी आनंदने विकावी. वाचन मी स्वतः, आज झेंडावंदनानंतर करणार आहे. फळ्यावरची सूचना काल रात्री पुसली.

सही: श्रीपाद वामन टिपणीस
डोंबिवली, २६ जानेवारी १९९७

साक्षीदार १: दौलत गुप्ते. लेखकाने कलम सर्वांसमोर उभे राहून वाचले. दोनदा थांबले, पण पूर्ण केले. शीळफाट्याची ती जागा आता माझ्याकडे नाही.

साक्षीदार २: गुणाजी हिरू कोळी. मागे उभा राहून ऐकला.