गळती : निरंक

प्रिय ठमे,

सकाळी आठ वाजता माझी रात्रपाळी संपली, पण मी अजून उपकेंद्रातच आहे, कंट्रोल रूमच्या मागच्या खोलीत. मुख्य कार्यालयाकडे जाणारी गाडी नऊला सुटते आणि ड्रायव्हरचं दोनदा डोकावून झालंय. ही चिठ्ठी साडेदहाच्या आत तुझ्या हातात पडायला हवी, म्हणून अक्षराला नावं ठेवू नकोस. फोन का केला नाहीत, असं विचारशील. काल संध्याकाळी केला होता. तू ‘हॅलो बाबा’ म्हणालीस आणि मी तुझ्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत बसलो.

आज अकराला तू कंपनीच्या सगळ्या वरिष्ठांसमोर उभी राहणार. आपल्या कंपनीमुळे हवा किती तापते, ते आकड्यांसकट त्यांच्या तोंडावर सांगणार. त्या अहवालासाठी तू तीन वर्षं भांडलीस. वीज विकणाऱ्यांना हात वर करून चालणार नाही, हे तुझं वाक्य मी कँटीनमध्ये इतक्यांदा ऐकवलंय की मला येताना पाहिलं की लोक चहाचा कप घेऊन दुसऱ्या टेबलावर जातात. त्या अहवालाच्या चौदाव्या पानावर आमचं उपकेंद्र आहे. सहा वर्षांत ब्रेकरमधून गॅसची गळती निरंक, इतरांनी यांच्याकडून शिकावं, असं तू लिहिलंयस. खाली माझा फोटो, पोट आत ओढून काढलेला.

ब्रेकरमधल्या या गॅसची ओळख तुला मीच करून दिली. मोठा प्रवाह तोडताना जी ठिणगी पडते ती हा विझवतो, हे सांगताना मी किती फुशारलो होतो. रंग नाही, वास नाही, शेजारून निघून गेला तरी नाकाला पत्ता लागत नाही. पुढे शिकून आल्यावर तू मला सांगितलंस की हा एक किलो हवेत सुटला तर वीस हजार किलोंहून जास्त कार्बन सोडल्यासारखं आहे, आणि तो शेकडो वर्षं तसाच राहतो. आपण जेवत होतो. माझा घास तोंडात नुसता फिरत राहिला. तुला वाटलं, आकडा ऐकून बाबा थक्क झाले.

ठमे, चार नंबरचा ब्रेकर गळतो. सहा वर्षांपूर्वी मी सांध्याला साबणाचा फेस लावून पाहिला होता, बुडबुडे आले. दुरुस्तीला दोन दिवस लाइन बंद ठेवावी लागते आणि त्या लाइनवर पाण्याचे पंप आहेत, मोठं हॉस्पिटल आहे. मी शटडाऊन मागितला. उन्हाळा होता, लोड नाकातोंडाशी आलेला. आमचे साहेब म्हणाले, सध्या गॅस भरून घ्या, ऊन उतरलं की बघू. ऊन उतरलं तेव्हा सुटे भाग आले नव्हते. ते आले तोवर पुढचा उन्हाळा लागला, आधीच्यापेक्षा कडक, लोड आणखी जास्त. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता मला भरायची सवय झाली. महिन्याला दोन किलो, दाबाचा काटा खाली यायच्या आत, म्हणजे अलार्मही वाजायला नको. रजिस्टरमध्ये लिहायचो ‘नेहमीची देखभाल’, आणि गळतीच्या रकान्यात ‘निरंक’. साहेबांनी भरायला सांगितलं होतं, तो शब्द लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. तो माझा. आधी जाब द्यावा लागेल या भीतीनं लिहिला. मग वीजपुरवठ्यात एकही खंड न पडल्याबद्दल आमचा सत्कार झाला, लोक हात मिळवायला आले, आणि सांगायला लाज वाटते, पण मला ते आवडलं. एव्हाना जवळजवळ दीडशे किलो गेलाय.

गेल्या आठवड्यात, अहवालावर सही करण्याआधी, तू मला विचारलंस, “बाबा, तुमच्याकडचं शून्य मला जरा जास्तच चांगलं वाटतंय. खरं आहे ना?” मी म्हणालो, “तुझ्या बापाच्या हाताखाली काही गळत नाही.” तू हसलीस आणि सही केलीस. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

आज पहाटे तुझ्या आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पोरीला दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नका.” म्हणून ही चिठ्ठी. याच गाडीतून दुसरं पाकीट मुख्य अभियंत्यांकडे येतंय. त्यात मी सगळं तारखांसकट लिहून दिलंय आणि चार नंबर ताबडतोब बंद करायला सांगितलंय. तुझ्याकडे एकटीकडे दिलं असतं तर तू मला वाचवायला गेली असतीस. तुला मी ओळखतो, म्हणून ती वाटच ठेवली नाही. निवृत्तीला सात महिने राहिलेत, ते मिळतील न मिळतील, आमचं आम्ही बघू. चौदावं पान मात्र मुख्य अभियंत्यांनी बोलायच्या आत तू स्वतः मागे घे. अशी गळती आणखी किती ठिकाणी ‘देखभाल’ म्हणून लिहिली जाते, हेही तिथंच विचार, सगळे समोर बसलेले असतील. आणि हे कोणी केलं असं कुणी विचारलं, तर ‘एका कर्मचाऱ्यानं’ म्हणू नकोस. ‘माझ्या वडिलांनी’ म्हण.

तुझाच,
बाबा