झडपेची ट्रायल

पुणे, गुरुवार

चि. अनंत यास,

मी मुक्ताई. तुझी थोरली बहीण, सख्खी. आठवत नसेल तर राधाला विचार. राधा म्हणजे तुझी बायको. भाऊबीजेला आलास आणि स्वतःचा चष्मा इथे विसरून माझा घालून गावी, मांजरीला, गेलास, तेव्हापासून मी तुझ्या चष्म्यातून सुई ओवते आहे. तब्येत कशी आहे, असं विचारायची रीत आहे म्हणून विचारते; उत्तर मला माहीत आहे, त्याचं खाली बघू. (लिहिते आहे नात ओवी. शब्द माझे, अक्षर तिचं, शुद्धलेखन देवाच्या हवाली.)

तर मी जिवंत आहे आणि घरी आहे. हृदयाची झडप चुना साठून कडक झाली होती, चौथ्या पायरीला धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, छाती उघडायची नाही. घडी घातलेली नवी झडप जांघेतल्या रक्तवाहिनीतून वर सरकवायची आणि जुनीच्या आत उलगडायची. म्हणजे शिवण न उसवता अस्तर बदलायचं! चाळीस वर्षं ब्लाउज शिवले, मला नाही जमलं हे. मग निकिता नावाची मुलगी फाइल घेऊन आली. म्हणाली, झडप नव्या जातीची आहे, आजी ट्रायलमध्ये येतील का? म्हटलं, बाई, ट्रायल घेतल्याशिवाय मी आजवर कुणाला ब्लाउज दिला नाही. येते की. तिने अर्धा तास कागद वाचून दाखवला. मला वाचता येत नाही म्हणून नियमाप्रमाणे तिऱ्हाईत साक्षीदार लागतो, तर डोळे तपासायला आलेले खडकीचे साईनाथराव धरून आणले. (दारूगोळ्याच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस, पण कागद ऐकून त्यांनाच घाम फुटला. पाणी मी दिलं.) अंगठा उठवला आणि मजेत आत गेले. ट्रायलच ती! घालून बघणार, घट्ट-सैल असेल तिथे खडूने खूण करणार, काढून घेणार आणि पुढच्या आठवड्यात पक्की देणार. डॉक्टरांना सांगून ठेवलं, काखेत जरा सैल असू द्या. सगळं उरकल्यावर विचारलं, "आता काढणार कधी?" ते म्हणाले, "अहो आजी, ही कायमची!" आमोद एवढा हसला की नर्सने त्याला बाहेर घालवलं. (मुलगा माझाच, काय बोलणार.)

तिसऱ्या दिवशी घरी. काल जिना चढले, एकवीस पायऱ्या, वर पोचल्यावर ओवीला रागावले, तरी श्वास शिल्लक होता.

तिथे काय काय बघितलं म्हणून सांगू! लिफ्टपाशी हेमा नावाची बाई भेटली, रक्ताचा कॅन्सर झालेली. तिच्याच रक्तातल्या पेशी बाहेर नेल्या, रोग ओळखायला शिकवल्या आणि परत अंगात सोडल्या. बाई आता ठणठणीत. पेशीसुद्धा शिकून आल्या, अनंता, मीच तेवढी राहिले. माझ्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला, तर साखरेने कुठे खराबी केली ते डॉक्टरांचा चहा होईस्तोवर यंत्रानेच सांगितलं. आणि दंडाला साखर मोजणारं बटण चिकटवलं आहे. दोरा नाही, टाका नाही, तरी पंधरा दिवस टिकतं! जिलबीचा तुकडा तोंडात टाकला की थोड्या वेळाने आमोदच्या मोबाइलवर बोंब.

तुझी, अस्तर बदललेली,
ताई

ता. क. राधाचा फोन आला होता. तुझीही झडप तशीच झाली आहे, डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं, आणि तू ते म्हणे विसरलास. चष्मा विसरणं वेगळं, अनंता. मंगळवारी सकाळी दहाला माझ्या डॉक्टरांकडे तुझं नाव घातलं आहे. स्वारगेटला उतर, आमोद उभा असेल.

आणखी ता. क. त्या कागदातलं मला सगळं नीट कळलं होतं. (ओवी, तोंड मिट आणि लिही.) कच्चा टाका कुठला आणि पक्की शिवण कुठली, हे मला कळणार नाही होय? पण आत जायला पायच उचलेना. साईनाथरावांना दिलं ते पाणी माझ्यासाठी मागवलेलं होतं. मग स्वतःला म्हटलं, मुक्ते, नुसतं घालून तर बघायचंय. तूही तेवढंच म्हण आणि ये.

राधाला सांग, यंदाच्या काकवीची एक बाटली भरून दे. कुणाच्या हाती पाठवू नका, तू स्वतः घेऊन ये. बटण सोमवारी निघतंय.