बेदम

९ नोव्हेंबर, रविवार
सोलो रुचाला! दादरचा हॉल, अख्खी संध्याकाळ तिची एकटीची. कालिंदीताईंनी कथकच्या क्लासमध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि माझ्याकडे वळल्या— "रश्मी, पढंत तू कर हं. तुझा आवाज खणखणीत आहे." म्हणजे ती नाचणार आणि मी माइकपुढे मांडी घालून तिच्यासाठी बोल म्हणणार. इतकी वर्षं ऑफिस सुटलं की भोईवाड्याला घरीसुद्धा न जाता क्लासला धावते, ते ह्यासाठी?
रुचा माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला. काय दिला ते इथंही लिहीत नाही.

१२ नोव्हेंबर
किती दात दाखवते नाचताना!

१६ नोव्हेंबर, रविवार
तालीम. शेवटची तिहाई दमदार— एकच तुकडा तीनदा, मध्ये श्वास घेण्यापुरती जागा. तोच दम. त्या जागेत रुचा हात वर धरून थांबते आणि बघणाऱ्याची नजर हलत नाही. ते थांबणं तिला मीच शिकवलं. "वा रुचा!" म्हणाल्या ताई. मला काही नाही.
हीच तिहाई बेदमही म्हणता येते. मधला दम खाऊन टाकायचा, थांबायचंच नाही, सुरुवात जरा उशिरा करायची, सम बरोब्बर सापडते. माझी. तिची नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
खाल्ला दम, भर कार्यक्रमात! तबल्यावर निलेश. त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं आणि निमूट माझा आवाज धरला. आम्ही दोघं समेवर, आणि ही बया हात वर करून उभी! मग उरलेला तुकडा तसाच नाचली. तबला थांबलेला, नुसते घुंगरू. कुणीतरी फिसकन हसलं. टाळ्या तिच्या आईच्या, एकटीच्या.
विंगेत काजळ गालावर आलेलं. "रश्मीताई, माझंच चुकलं ना?"
"हो गं. होतं असं."
घरी येऊन पोटभर जेवले. बरं वाटलं. खूप बरं वाटलं!

२५ नोव्हेंबर
कालिंदीताईंचा फोन. जानेवारीचा सोलो माझा!
काल निलेश रुचाच्या घरी जाऊन आला म्हणे.
पढंत रुचा करणार. तिनंच मागून घेतली.