किरकोळ गळती

४ मार्च, दुपार.
घरी आलो. जन्मापासून हृदयाजवळ एक जादा नळी उघडी होती. काल डॉक्टरांनी मांडीतून तार सरकवून तिला बूच बसवलं. एक टाका नाही. बुचाच्या कडेनं किरकोळ गळती आहे, थांबेल म्हणाले. लघवी लाल झाली तर लगेच फोन करा, असंही म्हणाले. सगळ्यांनाच सांगत असणार. निर्धार: दहा तारखेपासून ड्रायव्हिंग स्कूलवर हजर. रोज पाच शिकाऊ.

५ मार्च, सकाळी ६.१०.
लघवी कोऱ्या चहासारखी. पाणी कमी पडलं. दोन तांबे प्यायलो.

८.३०.
तशीच. गोळ्यांचा रंग असणार. गोळ्या पांढऱ्या आहेत, पण पोटात गेल्यावर त्यांचं काय होतं कोण बघतंय?

६ मार्च.
लाल. काल बीट खाल्लं होतं का, बायकोला सहज विचारलं. नाही म्हणाली. म्हणून आज खाल्लं. आता कारण आहे. तिला बाकी काही बोललो नाही. उगाच जिवाला घोर.

७ मार्च.
बसवत नाही, झोपवत नाही. दोन मजले चढताना चारदा थांबलो. शेजाऱ्यांच्या पाट्या वाचून घेतल्या.

८ मार्च, सकाळ.
आरशात डोळे पिवळे. बल्ब बदलला. नवाही पिवळाच निघाला. बायको म्हणते, आज तपासणी, साधीच. उत्तम. मी ठणठणीत आहे हे तिला डॉक्टरांकडूनच कळू दे.

संध्याकाळ, वॉर्ड.
हिमोग्लोबिन साडेसहा. बुचाच्या कडेनं रक्ताची चिळकांडी जोरात निसटते, बुचाच्याच तारेच्या जाळीवर आपटून रक्तपेशी फुटतात. डॉक्टरांनी विचारलं, लाल कधीपासून? मी म्हटलं, आज सकाळपासून. बायको म्हणाली, परवापासून. संडास मी धुते. आज फोनही तिनेच केला होता. आज बोलतील, उद्या बोलतील म्हणून थांबले, म्हणाली. डॉक्टर दोघांनाही बोलले.

९ मार्च.
रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. दहा तारखेचं जमेलसं दिसत नाही. अकरा बघू.

११ मार्च.
दुसरं बूच. आत नेण्याआधी बायकोनं घड्याळ काढून घेतलं आणि विचारलं, का नाही बोललात? पाच-सहा कारणं तयार होती. तोंडातून निघालं, घाबरलो होतो. ती म्हणाली, मीही.

१३ मार्च, सकाळी ७.
लघवी पाण्यासारखी! बायकोला हाक मारून दाखवली. तिनं वाकून नीट बघितली. मग म्हणाली, फ्लश करा आता.