डाव्या मडगार्डाखाली

अबांग रुस्लान,

बाबा गेले तेव्हापासून त्यांची गाडी पोर्चमध्ये गंजत होती. "भंगारात दे," असं तू पर्थहून तीनदा कळवलंस, आणि मी हट्टानं दुरुस्तीला काढली. आज पुढचं डावं मडगार्ड बदलायला घेतलं. रंग खरवडला तर खाली बोटभर जाड पुट्टी, आणि आतल्या खाचेत सायकलच्या मागच्या लाल दिव्याची काच अडकलेली. मी ती पटकन मुठीत लपवली, कारण नवं मडगार्ड धरून समोरच्या घरातले पाक लेमान उभे होते.

वीस वर्षांपूर्वी त्यांची सायकल उडवून कोणीतरी पळालं, तेव्हापासून ते लंगडतात. त्याच आठवड्यात तू घर सोडलंस, आणि बाबा फाटक लावून गाडी रंगवत बसले.

"लक्ष कुठंय पोरी? बोल्ट आत्ताच आवळू नकोस," पाक लेमान म्हणाले. "आधी दाराशी फट जुळू दे. तुझ्या बाबांनाही अशीच घाई होती."

"कसली घाई?" मी मूठ आणखी घट्ट आवळली.

"मुठीतलं टाक आधी. हात कापेल."

मी काच बॉनेटवर ठेवली. त्यांनी ती सदऱ्याला पुसली आणि खिशात टाकली.

"उद्या येतो. हे एकटीला जमायचं नाही."

हे पत्र मी पाठवणार नाही. तू पुन्हा "भंगारात दे" एवढंच म्हणशील. बोल्ट अजून सैलच ठेवलेत.

तुझी धाकटी बहीण,
रोहाना